मर्सिडीज जीएलई की बीएमडब्ल्यू एक्स५ : आधी कोण कुठे बसणार ते ठरवा

सव्वा कोटीच्या आसपास ऑन-रोड बजेट असलेल्या घरात शेवटी दोनच नावं उरतात, मर्सिडीज जीएलई आणि बीएमडब्ल्यू एक्स५. ऑडी, व्होल्वो, लँड रोव्हर यांचाही विचार होतो, पण टोकन द्यायची वेळ आली की गाडी या दोघींवरच येऊन थांबते. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. मालक आठवड्यातले पाच दिवस मागे बसणार असेल तर जीएलई ४५०डी घ्यावी. मालक स्वतः स्टिअरिंग धरणार असेल तर एक्स५ एक्सड्राइव्ह३०डी घ्यावी. दोन्ही थोडं थोडं असेल तर निर्णय हॉर्सपॉवरवर करू नये, सस्पेन्शन आणि टायरवर करावा. रोजचा आराम आणि पाच वर्षांचा खर्च, दोन्ही तिथेच ठरतात.

आधी किमतीतली एक गोष्ट समजून घ्या, कारण शोरूममध्ये ती कुणी आपणहून सांगत नाही. जुलै २०२३ मध्ये फेसलिफ्ट एक्स५ भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ९३.९० लाखांपासून १.०७ कोटीपर्यंत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेली फेसलिफ्ट जीएलई ९६.४० लाख ते १.१५ कोटी होती. आकडे जवळजवळ दिसतात, पण आत मोठा फरक आहे. एक्स५ चं सर्वांत स्वस्त डिझेलसुद्धा ३.० लिटर, सहा सिलिंडरचं आहे : २८६ हॉर्सपॉवर, ६५० न्यूटन-मीटर टॉर्क. जीएलई ३००डी मात्र २.० लिटर, चार सिलिंडरची आहे : २६९ हॉर्सपॉवर, ५५० न्यूटन-मीटर. म्हणजे साधारण तेवढ्याच पैशांत एकीकडे सहा सिलिंडर मिळतात, दुसरीकडे चार.

शहरात हा फरक जाणवत नाही. ३००डी अजिबात आळशी गाडी नाही, शून्य ते शंभर ६.९ सेकंदांत जाते. पण पाच माणसं, भरलेली डिकी आणि आंबोलीचा किंवा ताम्हिणीचा चढ असला की चार सिलिंडरचा आवाज केबिनमध्ये उतरतो. सहा सिलिंडरच्या इंजिनाला तोच चढ दिवसभर दिला तरी त्याचा सूर बदलत नाही. दुसरा मुद्दा असा की एअरमॅटिक, म्हणजे मर्सिडीजचं एअर सस्पेन्शन, वरच्या ४५० आणि ४५०डी या गाड्यांत आलं, ३००डी स्टीलच्या स्प्रिंगवर राहिली. त्यामुळे ‘मर्सिडीज म्हणजे आराम’ एवढ्यावर ३००डी घेणाऱ्याच्या हाती नेमका तो आराम पूर्ण येत नाही. ३००डी आणि एक्स५ ३०डी समोरासमोर ठेवल्या तर आम्ही बिनदिक्कत एक्स५ म्हणू. जीएलई घ्यायचीच असेल तर ४५०डीपर्यंत पोचायची तयारी ठेवा. ती ३६७ हॉर्सपॉवर आणि ७५० न्यूटन-मीटरची आहे, शून्य ते शंभर ५.६ सेकंदांत जाते.

वरचे भाव लाँचच्या वेळचे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी झाला, आधी २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस होता. कंपन्याही मधूनमधून भाव वाढवत असतात. म्हणून जुन्या व्हिडिओतल्या किमतीवर हिशोब मांडू नका, दोन्हीकडून एकाच आठवड्यात ताजं, लेखी कोटेशन घ्या.

महाराष्ट्रात पासिंग करणार असाल तर रोड टॅक्स हाच सर्वांत मोठा आकडा आहे. २० लाखांच्या वरच्या गाडीला वैयक्तिक नावावर पेट्रोलसाठी १३ टक्के, डिझेलसाठी १५ टक्के आणि कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. एक कोटीच्या गाडीवर हे अनुक्रमे १३, १५ आणि २० लाख होतात. कंपनीच्या नावावर घेतल्याने १५ टक्के घसारा दाखवता येतो, पण जीएसटीचं इनपुट क्रेडिट अशा प्रवासी गाडीवर मिळत नाही. त्यात रोड टॅक्सचे पाच लाख जास्त जातात. सीएकडून हा हिशोब बुकिंगच्या आधी करून घ्या, नंतर नाव बदलायला गेलात तर सगळी कागदपत्रं पुन्हा करावी लागतात. एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच कापून घेतलेला आयकर) वेगळा लागतो, तो आयकर विवरणपत्रात वजा मिळतो, त्यामुळे तो खर्चात धरू नका.

आता पार्किंग. हे वाचून काही जणांचा प्रश्न इथेच मिटेल. एक्स५ आरसे सोडून २००४ मिलिमीटर रुंद आहे, आरसे धरून २.२ मीटरच्या वर जाते. जीएलई आरसे सोडून १९४७ मिलिमीटर आहे. पावणेसहा सेंटिमीटरचा हा फरक कागदावर काहीच वाटत नाही, पण दोन खांबांमध्ये गाडी लावून दार उघडताना तेवढ्याच जागेत माणूस अडकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वजन. दोन्ही गाड्या रिकाम्या असतानाही दोन टनांच्या वर आहेत. मुंबई-पुण्यातल्या नव्या सोसायट्यांत स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या उचलून ठेवणारं पार्किंग असतं, त्याच्या खांबावरच्या पाटीवर पॅलेटची, म्हणजे गाडी ठेवायच्या फळीची क्षमता, उंची आणि रुंदी लिहिलेली असते. तिथे २००० किलो लिहिलं असेल तर दोन्ही गाड्या बाद, मग सोसायटीत खालची, पक्क्या जमिनीवरची जागा मिळवावी लागेल. टेप घेऊन जा आणि पाटीचा फोटो काढून आणा.

मागची सीट. ‘लाँग व्हीलबेस’ हा शब्द जीएलईबरोबर भारतात इतका जोडला गेला आहे की लोकांना ती एक्स५ पेक्षा वीतभर लांब वाटते. खरं तर जीएलईचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २९९५ मिलिमीटर आणि एक्स५ चा २९७५, फरक फक्त दोन सेंटिमीटर. जीएलई मागे जास्त आरामशीर वाटते ती लांबीमुळे नाही, सीटच्या कोनामुळे. जीएलईची मागची सीट इलेक्ट्रिक आहे, पाठ मागे कलते. इथे मिळणाऱ्या पाच आसनी एक्स५ मध्ये पाठ आहे त्या कोनात राहते. नाशिक-मुंबई तीन-चार तास मागे बसणाऱ्या माणसाच्या कमरेला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. ऑर्डर देताना ज्या व्हेरिएंटचं बुकिंग करताय त्यात इलेक्ट्रिक मागची सीट आहे ना, हे कोटेशनवर लिहून घ्या.

घरात सत्तरीच्या पुढची माणसं असतील तर त्यांना घेऊन शोरूममध्ये जाच. गाडीत चढताना आधी पाय टाकतात की आधी बसतात, ते पाहा. फूटबोर्ड अरुंद असला तर उंच माणसाला तो नुसता अडसर होतो, पावसाळ्यात साडीचा किंवा पँटचा काठ त्याच्यावर घासून चिखलाने भरतो. बुटक्या माणसाला मात्र तोच आधार होतो. दोन्ही गाड्या उंच आहेत, सवय होईपर्यंत वरच्या हँडलला धरूनच चढावं लागतं.

डिकी एक्स५ ची ६५० लिटर, जीएलईची ६३० लिटर, म्हणजे सारखीच. पण एक्स५ चा दरवाजा दोन भागांत उघडतो. वरची काच-पत्रा वर जातो, खालची फळी आडवी पडते. सामान बाहेर घरंगळत नाही, शेतावर किंवा किनाऱ्यावर फळीवर बसता येतं. उलट खोलवर सरकलेली बॅग काढायची तर त्या फळीवरून वाकून हात घालावा लागतो, पाठ धरणाऱ्यांनी हे करून पाहावं. स्टेपनी कुठे ठेवली आहे हेही डिकी उघडूनच बघा. ती वर ठेवलेली असेल तर ६५० हा आकडा तुमच्यासाठी नाही.

पुढच्या सीटवर आलं की चित्र उलटं होतं. एक्स५ चालवायला घेतल्यावर पहिल्या वळणात कळतं की दोन टनांचं हे धूड आपल्या आकाराहून लहान असल्यासारखं वळतं. स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच जातं, अंग कमी झुकतं, आणि झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स उतारावर योग्य गिअर धरून ठेवतो. जीएलई आधी किंचित झुकते, मग वळते. नऊ गिअरचा तिचा बॉक्स मऊ आहे, पण एकदम ॲक्सिलरेटर दाबला तर दोन-तीन गिअर खाली यायला क्षणभर घेतो. मागे झोपलेल्या माणसासाठी हा क्षणभराचा मऊपणा चांगलाच. घाटात ट्रकला ओलांडताना चालकाला मात्र एक्स५ जास्त विश्वासाची वाटते.

बटणांबाबत जीएलई पुढे आहे, आणि आमच्या मते हा छोटा मुद्दा नाही. फेसलिफ्ट एक्स५ मध्ये १२.३ आणि १४.९ इंचांचे दोन स्क्रीन एकाच वक्र काचेत आहेत, एसीची बरीचशी बटणं त्या स्क्रीनमध्ये गेली. खड्ड्यातून जाताना बोटाने तापमान बदलायला गेलं की बोट दुसरीकडेच पडतं आणि नजर रस्त्यावरून हटते. स्क्रीन चालवायचा आयड्राइव्हचा गोल खटका शिल्लक आहे, त्याची सवय करून घ्यावी. जीएलईत एसीच्या झरोक्यांखाली खऱ्या बटणांची ओळ आहे, न बघता हात तिथे जातो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं : टायर. शोरूममध्ये २१ इंची अलॉय बघून गाडी आवडते आणि बहुतेक पस्तावा तिथूनच सुरू होतो. एक्स५ ला २० इंची चाकांत पुढे २७५/४५ आणि मागे ३०५/४० अशी वेगवेगळ्या मापाची टायर येतात. पुढची-मागची अदलाबदल करता येत नाही, त्यामुळे मागची जोडी लवकर झिजते आणि दोन टायर वेगळी बदलावी लागतात. जीएलईला २० इंची चाकावर चारही २७५/५० अशी सारखी टायर मिळू शकतात. तिरक्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे प्रोफाइल. ४० किंवा ३५ प्रोफाइलच्या टायरपेक्षा ५० प्रोफाइलच्या टायरची भिंत उंच असते. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा लागला की तीच भिंत रिमला वाचवते. बुटक्या भिंतीचं टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटतं, आतले धागे तुटतात आणि एक-दोन दिवसांत बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. फुगा आलेलं टायर दुरुस्त होत नाही, बदलायलाच लागतं. म्हणून दोन्ही गाड्यांत सर्वांत लहान चाकाचा जो पर्याय मिळेल तो घ्या. गाडी फोटोत थोडी कमी रुबाबदार दिसेल, पण सगळ्या रस्त्यांवर मऊ चालेल.

रन-फ्लॅट टायर असतील तर हवा गेल्यावरही ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं. रात्री दोन वाजता घाटात हे वरदानच. पण या टायरची भिंत जाड आणि कडक असते, त्यामुळे छोटे छोटे सांधे कमरेपर्यंत पोचतात. एक्स५ कडक चालते अशी तक्रार ज्या गाड्यांबद्दल होते, त्यात बरेचदा दोष सस्पेन्शनचा नसून रन-फ्लॅट आणि मोठ्या रिमचा असतो. टायर बदलताना भिंतीवरची खूण पाहा. बीएमडब्ल्यूसाठी बनवलेल्या टायरवर चांदणी असते, मर्सिडीजसाठी बनवलेल्यावर ‘एमओ’ ही अक्षरं असतात, एमओच्या पुढे आणखी ‘ई’ असेल तर ते रन-फ्लॅट.

ही खूण नुसती शोभेची नाही. दोन्ही गाड्या फोर व्हील ड्राइव्ह आहेत. पुढच्या-मागच्या टायरचा फिरण्याचा घेर फार वेगळा झाला, म्हणजे एक जोडी नवी आणि दुसरी गुळगुळीत, किंवा कंपनी वेगळी, तर ट्रान्सफर केसमधल्या (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या भागातल्या) क्लचला तो फरक सतत सरकून भरून काढावा लागतो. तो तापतो, झिजतो. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना खालून गचके बसू लागतात. टायरचे पैसे वाचवायला गेलं की ट्रान्सफर केसचं बिल येतं, ते असं.

एअर सस्पेन्शनबद्दल भीती खूप आहे, माहिती कमी. लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराचे फुगे असतात, एक कॉम्प्रेसर त्यात हवा भरतो. खड्डे, चिखल आणि उन्हामुळे रबराला घडीच्या जागी चिरा पडतात आणि हवा हळूहळू जाते. इथपर्यंत खर्च एका फुग्याचा असतो. दुर्लक्ष केलं की कॉम्प्रेसर गळती भरून काढायला रोज जास्त वेळ चालतो आणि शेवटी जळतो. मग दोन्ही बदला.

हे घरी तपासता येतं. संध्याकाळी सपाट फरशीवर गाडी लावा. मेजरिंग टेपचं टोक चाकाच्या मधोमध, लोगोच्या केंद्राशी धरा आणि सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. चारही चाकांची मापं लिहून ठेवा. सकाळी दार न उघडता, किल्ली खिशात न ठेवता पुन्हा मोजा, कारण गाडी जागी झाली की ती स्वतःला सारखी करून घेते. एखादा कोपरा सेंटिमीटरभर किंवा जास्त बसला असेल तर तिथे गळती आहे. तीन-चार वर्षांची जुनी जीएलई किंवा एक्स५ घेणाऱ्याने हे एक माप घेतल्याशिवाय व्यवहार करूच नये. एका रात्रीसाठी गाडी ठेवायला विकणारा तयार नसेल तर ते पण एक उत्तरच आहे. पंक्चर काढताना जॅक लावायच्या आधी सस्पेन्शनचा जॅक मोड चालू करायला विसरू नका, नाहीतर चाक लटकल्यावर गाडी हवा सोडू-भरू लागते. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याला हे ठाऊक असेलच असं नाही.

इंजिन निवडताना रोजचं अंतर बघा. घर ते ऑफिस आठ-दहा किलोमीटर, तेही सिग्नलमधून, एवढंच धावणं असेल तर डिझेल घेऊ नका, कितीही आवडलं तरी. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साठलेली काजळी जाळायला धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं, त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालावी लागते. इंजिन जास्तीचं डिझेल फवारून हे तापमान गाठतं. तुम्ही दर वेळी अर्ध्यात गाडी बंद केली तर ते न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी वाढते. ऑइल वाढलंय म्हणून खूश होऊ नका, ते बदलायची वेळ झाली आहे. अशा वापराला एक्स५ ४०आय किंवा जीएलई ४५० हे पेट्रोल घ्या. दोन्ही सहा सिलिंडरचे, दोन्ही ३८१ हॉर्सपॉवरचे, आणि रोड टॅक्समध्ये दोन टक्के वाचतात. दर आठवड्याला एक्सप्रेसवे किंवा समृद्धी होत असेल तर डिझेलच घ्या, डीपीएफ आपोआप साफ होत राहतो.

डिझेलबरोबर ॲडब्लू आलंच. धूर स्वच्छ करायला लागणारं हे द्रावण म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी. ते संपलं की चालू इंजिन चालत राहतं, पण एकदा बंद केलं की पुन्हा सुरू होत नाही. स्क्रीनवर उरलेले किलोमीटर आधीपासून दिसतात, ते शेवटपर्यंत ओढू नका. सीलबंद कॅनच घ्या. आणि पेट्रोल पंपावर नीट लक्ष ठेवा : ॲडब्लूचं झाकण निळं असतं, ॲडब्लू चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर इंजिन चालू न करता गाडी उचलूनच न्यावी लागते.

गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभराचं’ असतं असं सर्व्हिस काउंटरवर ऐकायला मिळेल. एक्स५ चा बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. त्या बॉक्सचं खालचं तबक प्लास्टिकचं असतं आणि फिल्टर त्यातच बसवलेला असतो, म्हणून ऑइलबरोबर तबकही नवं येतं. कोटेशनमध्ये ते दिसलं तर घाबरू नका, ते बरोबर आहे. गाडी पाच वर्षं ठेवून विकणार असाल तर हा विषय तुमचा नाही. दहा वर्षं ठेवणार असाल तर आहे.

विम्यात झिरो डेप्रिसिएशन सगळेच घेतात. त्याबरोबर इंजिन प्रोटेक्ट आणि टायर-रिमचं संरक्षण हे दोन घ्याच. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट नसेल तर साधी पॉलिसी हा खर्च देत नाही. एसयूव्ही आहे म्हणून अंधेरीच्या सबवेत घालायची नसते. एक्स५ ला अर्ध्या मीटरपर्यंतचं पाणी चालतं, तेही चालण्याच्या वेगाने.

टेस्ट ड्राइव्ह एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, दोन्हींची घ्या. शोरूमवाले गुळगुळीत रस्त्याची फेरी ठरवून देतात, ती नम्रपणे नाकारा. अर्धा वेळ तुम्ही चालवा, अर्धा वेळ मागे बसा. खराब रस्त्यावर ताशी ३० ते ४० ने जा आणि स्पीडब्रेकरवर एक बाजू आधी, दुसरी नंतर अशी तिरकी गाडी घाला. मागे बसलेल्याचं डोकं किती डोलतं ते पाहा. आणि डेमो गाडीवर कोणत्या मापाची चाकं आहेत ते लिहून ठेवा. डेमो १९ इंचांवर आणि तुमची गाडी २१ वर येणार असेल तर त्या ड्राइव्हला अर्थ उरत नाही.

डिलिव्हरीच्या आधी, पासिंगचे कागद आरटीओत जाण्यापूर्वी, गाडी दिवसाउजेडी जाऊन पाहा. चासी नंबरची प्लेट पाहून उत्पादनाचा महिना विचारा. पाचही टायरच्या भिंतीवर डॉट नंबरच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यातलं टायर. पाचांपैकी एखादं वर्षभराने जुनं निघालं तर तिथेच बदलून मागा. स्टेपनीचं टायर तपासायला बहुतेक लोक विसरतात, तेच आधी बघा.